दारूच्या महसुलातला एक टक्का तरी व्यसनमुक्तीला द्या

२०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा सगळीकडे चर्चा एकच, क्वार्टर आता कितीला पडणार. देशीची किमान किंमत १८० मिलीला ८० रुपये, धान्यापासून बनवायची नवीन महाराष्ट्र मेड लिकर १४८, विदेशी मद्य २०५ आणि प्रीमियम ३६०, असे तक्ते व्हॉट्सॲपवर दिवसभर फिरत होते. या निर्णयामुळे सरकारच्या तिजोरीत वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे येतील असा अंदाजही सांगितला गेला. मी त्या बातम्या वाचत गेले ते एकच गोष्ट शोधत, की या १४ हजार कोटीतले किती पैसे दारू सोडवण्यासाठी खर्च होणार आहेत, आणि त्याबद्दल मला कुठेच एक ओळसुद्धा सापडली नाही.

मी डॉक्टर नाही आणि समुपदेशकही नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी संस्थांचे हिशोब लिहिते, त्यातली एक संस्था व्यसनमुक्ती केंद्र चालवते. त्यामुळे व्यसन हा विषय माझ्याकडे येतो तो व्हाउचर, पगारपत्रक, किराण्याची बिलं, ऑडिट आणि यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र या रूपात. आणि इतकी वर्षं हे कागद हाताळून माझं एक मत पक्कं झालंय, की दारूच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा कायद्यानेच बाजूला काढून उपचाराला दिला पाहिजे आणि तो महिन्याच्या महिन्याला पोचला पाहिजे. एखाद्या वर्षी एखाद्या मंत्र्याच्या मनात आलं तर देऊ, हे आता पुरे.

आधी पैसा येतो कुठून ते बघू. संविधानाच्या कलम ४७ मध्ये लिहिलंय की औषधाचं कारण सोडून मादक पेयं आणि आरोग्याला घातक पदार्थ यांच्यावर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून लागू आहे, नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालंय इतकंच, त्यामुळे आजही प्यायला परवाना लागतो. आणि त्याच संविधानाने दारू बनवणं, विकणं, त्याच्यावर उत्पादन शुल्क लावणं हे सगळं राज्यांच्या यादीत दिलंय. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बहुतेक कर राज्यांच्या हातातून गेले पण प्यायची दारू जीएसटीच्या बाहेर राहिली, म्हणजे राज्याला स्वतःच्या मनाने दर वाढवता येतील अशा ज्या मोजक्या गोष्टी उरल्या त्यात पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क आणि दारू. लॉकडाऊनमध्ये ४ मे २०२० ला दुकानं उघडली तेव्हाच्या त्या रांगा सगळ्यांना आठवत असतील. पिणाऱ्यांना घाई होतीच पण तिजोरीलाही होती, कारण बाकीचं सगळं बंद होतं.

आज महाराष्ट्राला फक्त उत्पादन शुल्कातून वर्षाला २० हजार कोटींच्या वर मिळतात, विक्रीवरचा व्हॅट वेगळा. हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून पगार, रस्ते, पेन्शन, योजना सगळीकडे. तिथे गेल्यावर तो दारूचा पैसा राहत नाही. गोळा करणारं खातं उत्पादन शुल्क, व्यसनमुक्तीचं धोरण सामाजिक न्याय खात्याकडे (राज्याचं व्यसनमुक्ती धोरण २०११ ला आलं), दवाखाने आरोग्य खात्याकडे, आणि अवैध दारू पकडायची ती उत्पादन शुल्क आणि पोलिसांनी. एखाद्या बाईचा नवरा पिऊन लिव्हर घालवून बसला तर तिने यातल्या कुठल्या दारात जायचं हे तिला कोण सांगणार? उत्पादन शुल्कच्या अधिकाऱ्याला दर वर्षी वसुलीचं टार्गेट असतं. अमुक इतक्या लोकांची दारू सोडवा असं टार्गेट कुठल्याच खात्याच्या कुठल्याच अधिकाऱ्याला नाही.

आता केंद्राकडे या. व्यसनमुक्तीचा मुख्य पैसा दिल्लीतून येतो, तोही आरोग्य मंत्रालयाकडून नाही तर सामाजिक न्याय मंत्रालयाकडून. २०१८ पासून त्याला राष्ट्रीय कृती आराखडा म्हणतात, मादक पदार्थांची मागणी कमी करण्यासाठीचा. त्यातून संस्थांना पुनर्वसन केंद्रं चालवायला अनुदान मिळतं, रस्त्यावरच्या मुलांपर्यंत पोचणारी केंद्रं असतात, सरकारी हॉस्पिटलात उपचार विभाग असतात, १४४४६ ही हेल्पलाइन असते. १५ ऑगस्ट २०२० ला नशामुक्त भारत अभियान सुरू झालं, आधी २७२ जिल्ह्यांत, नंतर सगळीकडे. या आराखड्याची तरतूद अलीकडच्या बजेटमध्ये साधारण तीनशे ते सव्वातीनशे कोटी असते. एका जिल्ह्याची नाही हं, सगळ्या देशाची.

हे किती कमी आहे ते समजायला त्याच मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेला सर्व्हे बघावा, २०१९ ला आला. देशात साधारण १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे, इतकं त्यांचं पिणं हाताबाहेर गेलंय. सर्व्हे म्हणतो की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कुठली तरी मदत मिळाली, आणि ॲडमिट होऊन उपचार मिळाले ते १८० जणांत एकाला. आता साधा भागाकार करा. सव्वातीनशे कोटी भागिले ५.७ कोटी. माणशी वर्षाला साठ रुपयेही येत नाहीत, आणि यातच गांजा, ब्राऊन शुगर, एमडी म्हणजे मेफेड्रोन, गोळ्या, मुलं हुंगतात ते व्हाइटनर-पंक्चरचं सोल्युशन हे सगळं भागवायचंय. राज्यं आपापलं थोडं घालतात, आरोग्य खात्याचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम असतो, हे मान्य. ते सगळं धरलं तरी एका क्वार्टरच्या किमतीच्या आसपासच आपण फिरत राहतो.

आता हा पैसा खाली कसा पोचतो ते. मी ज्या केंद्राचं बघते तिथे अनुदान कुठल्या योजनेतून येतं ते इथे लिहीत नाही, पण पद्धत सगळीकडे साधारण सारखीच आहे. वर्षाच्या सुरुवातीला ऑनलाइन प्रस्ताव टाकायचा, सोबत मागच्या वर्षीचं ऑडिट, यूसी, पेशंटची यादी, स्टाफची यादी, भाडेकरार. मग तपासणी. मग जिल्ह्यातून शिफारस, मग वर. एखादा कागद कमी पडला तर फाईल खाली येते आणि परत सगळं पहिल्यापासून. पैसे हप्त्यांत येतात आणि पुढचा हप्ता मागचा खर्च दाखवल्याशिवाय नाही, जे तत्त्व म्हणून बरोबरच आहे, सरकारी पैसा आहे, हिशोब मागितलाच पाहिजे आणि मी तर त्याच कामाची. पण व्यवहारात काय होतं की केंद्र एप्रिलपासून चालू असतं, पेशंट जेवतात रोज तीन वेळा, आणि पैसा येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. कधी कधी पुढच्या आर्थिक वर्षात. कारखान्याने उसाचं बिल थकवल्यावर शेतकऱ्याचं जे होतं तेच इथे संस्थेचं.

किराणा दुकानदार वहीवर माल देतो. दिवाळीनंतर तो मला रस्त्यात भेटला की आधी नमस्कार आणि लगेच, "ताई, अनुदानाचं काय झालं?" त्याचं चुकत नाही, त्यालाही व्यापाऱ्याला द्यायचे असतात. संस्थेच्या सरांनी एक वर्ष बायकोचं सोनं गहाण टाकून पगार केले, ते माझ्या खात्यावहीत "संचालकांकडून हातउसने" म्हणून दिसतं. ऑडिटरने विचारलं हे काय, तर काय सांगणार.

यात सगळ्यात मोठं नुकसान होतं ते माणसांचं. आमच्याकडे एक समुपदेशक होता, स्वतः पूर्वी पिणारा, कितीतरी वर्षं सोडलेली. नवीन पेशंट आला की हा त्याच्या शेजारी खाली सतरंजीवर बसायचा आणि त्याला काही विचारायचाच नाही, आधी स्वतःचं सांगायचा, कुठे कुठे लपवून ठेवायचो, बैलाच्या गोठ्यात, पिठाच्या डब्यात, आणि तो पेशंट हळूच हसायचा कारण त्याचीही जागा तीच. दहा मिनिटांत तो माणूस बोलायला लागायचा. असं काम पुस्तक वाचून येत नाही. चार-चार महिने मानधन नाही म्हटल्यावर तो एक दिवस माझ्या टेबलापाशी आला, म्हणाला, "ताई, घरी आता सांगायला तोंड राहिलं नाही." आणि मायक्रोफायनान्सच्या वसुलीला लागला. पगार महिन्याच्या सात तारखेला खात्यात. बचत गटाच्या ज्या बायकांकडे तो आता हप्ता मागायला जातो त्यातल्या कितीतरी जणींचे नवरे पिणारे आहेत, हे त्यानेच मला सांगितलं.

लोकांना वाटतं व्यसनमुक्ती म्हणजे महागडी औषधं. तसं अजिबात नाहीये. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, रात्री भास होतात, काहींना झटके येतात, यात माणूस दगावू शकतो. त्यासाठी लागणाऱ्या गोळ्या आणि थायमिनची इंजेक्शनं स्वस्त आहेत, जेनेरिक मिळतात. खर्च आहे तो रात्रपाळीच्या नर्सचा, आठवड्यातून येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचा, समुपदेशकाचा, आणि घरी गेल्यावर त्याची चौकशी करणाऱ्या माणसाचा. म्हणजे जवळपास सगळा खर्च पगाराचा. आणि अनुदान उशिरा आलं की पहिली थकतात ती मानधनंच, कारण डाळ-तांदूळ थकवून चालत नाही.

अजून एक. अनुदान मोजतात बेडवर. १५ बेडचं केंद्र, ३० बेडचं केंद्र, किती ॲडमिशन झाले, किती डिस्चार्ज झाले. आमच्या भागातून दिवाळीनंतर हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल घेतलेली असते, जावंच लागतं. पेशंट ऑक्टोबरमध्ये बरा होऊन घरी जातो आणि पंधरा दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असतो. दिवसभर कोयता, रात्री थंडी, आणि फडाच्या कडेला दारू हजर. त्या चार-पाच महिन्यांत त्याला कोणी फोन करायचा? मुकादमाशी कोणी बोलायचं? बायकोला कोणी विचारायचं की गोळ्या चालू आहेत का? रजिस्टरमध्ये फॉलोअपचा रकाना आहे, पण गावोगाव फिरायला लागणारं डिझेल आणि माणूस त्या रकान्याच्या मानाने कधीच मंजूर होत नाही. तो माणूस मार्चमध्ये परत येतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात, आणि रजिस्टरमध्ये ते नवीन ॲडमिशन म्हणून चढतं.

जनजागृतीचं मात्र बरं चाललेलं असतं. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन, रॅली, शपथ, बॅनर, फोटो. शपथ वाईट नाही, शाळेतल्या पोरांनी ऐकलं पाहिजेच. पण शपथ घेतलेल्यांचा आकडा लाखात-कोटीत सांगता येतो म्हणून त्याच्यावर भर, आणि एका माणसाच्या मागे वर्षभर लागून त्याची सुटली हे फक्त एकच मोजलं जातं म्हणून ते मागे, हे मला पटत नाही.

ड्रग्जच्या बाजूला तर पैसा पकडापकडीकडेच जातो. २०२४ ला पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीत एमडीचा कारखाना पकडला, शेकडो किलो माल, किंमत हजारो कोटीत सांगितली गेली. राज्यात अमली पदार्थविरोधी टास्क फोर्स, नवीन पदं, हे सगळं झालं आणि ते लागतंच, कारखाना बंद झालाच पाहिजे. पण ज्या पोरांना एमडीची सवय लागली होती ती पोरं कारखाना सील झाला त्या दिवशी कुठे गेली? कायद्यात तर सोय आहे. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ क प्रमाणे थोड्या प्रमाणात माल सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. त्याच कायद्यात एक राष्ट्रीय निधीही आहे, तस्करांच्या जप्त मालमत्तेच्या विक्रीतून आलेला पैसा त्यात टाकता येतो. म्हणजे गुन्ह्याच्या पैशातून उपचार करायचा हा विचार आपल्या कायद्यात १९८९ च्या दुरुस्तीपासून बसलेला आहे. पण सवलत वापरायची तर दाखल करायला केंद्र पाहिजे, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते बहुतेक कुठेच नाही.

एका ठिकाणी मात्र सरकारने पैसा नीट लावून दाखवलाय, आणि तो एचआयव्हीच्या दारातून आला. सुईने ड्रग्ज घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास निघतं, बाकी जनतेत ते ०.२ टक्के. म्हणून नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, संस्थांमार्फत नवीन सुया वाटते, आणि ओएसटी म्हणजे नशेच्या जागी औषध देणाऱ्या केंद्रांवर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर बसवून जिभेखाली देते, म्हणजे माणूस ब्राऊन शुगरच्या मागे धावायचा थांबतो आणि कामाला लागतो. यावर पूर्वी किती टीका झाली, सरकार नशेडींना सुया वाटतं म्हणून. पण त्यांनी हिशोब सरळ ठेवला की एक माणूस एचआयव्हीपासून वाचवणं हे आयुष्यभर औषधं देण्यापेक्षा स्वस्त आणि माणुसकीचंही. पंजाबने २०१७ पासून याच औषधाची गोळी सरकारी ओपीडीतून द्यायला घेतली. दारूसाठी असा हिशोब मांडून कोणी मागणी केली का? दारूने अपघात होतात, लिव्हर जातं, घरात मारहाण होते, कर्ज होतं, पण या सगळ्याचं बिल वेगवेगळ्या खात्यांत आणि बरंचसं त्या घरातल्या बाईच्या नावावर फाटतं. एकत्र ते कोणी बेरीज करत नाही.

ठरलेला वाटा बाजूला काढणं म्हणजे काही अशक्य गोष्ट नाही. थायलंडने २००१ मध्ये कायदा करून दारू आणि तंबाखूच्या उत्पादन शुल्कावर २ टक्के अधिभार लावला आणि तो पैसा सरळ थाई हेल्थ नावाच्या स्वायत्त निधीला दिला. दर वर्षी बजेटमध्ये भांडायला नको. विक्री वाढली की निधीही वाढतो. इंग्लंडमध्ये पैसा स्थानिक कौन्सिलांना सार्वजनिक आरोग्याच्या नावाने मिळतो, दहाएक वर्षांपूर्वी तो कमी होत गेला, उपचार केंद्रं मोडकळीला आली, अनुभवी माणसं निघून गेली (वाचताना आमच्या त्या समुपदेशकाचीच आठवण झाली). मग सरकारने डेम कॅरल ब्लॅक या ज्येष्ठ डॉक्टरांकडून सगळी पाहणी करून घेतली, २०२१ ला त्यांचा दुसरा अहवाल आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने तीन वर्षांसाठी ७८ कोटी पौंड जास्तीचे उपचारासाठी जाहीर केले. त्यांच्याकडे हिशोबच असा मांडतात की ड्रग्जच्या उपचारावर १ पौंड घातला तर जेल, कोर्ट, दवाखाना यांचे सुमारे ४ पौंड वाचतात.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं. उत्तर प्रदेशने २०१९ मध्ये मोकाट गाईंच्या गोशाळांसाठी दारूवर सेस म्हणजे उपकर लावला. हिमाचलने २०२३ मध्ये बाटलीमागे १० रुपये दुधाचा सेस लावला, दूध उत्पादकांसाठी. केरळने त्याच वर्षी दारूच्या बाटलीवर २० आणि ४० रुपये सामाजिक सुरक्षेसाठी घेतले, आणि केरळमध्ये तर उत्पादन शुल्क खातंच विमुक्ती नावाचं अभियान चालवतं, त्याची व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. गाईला मिळू दे, दूधवाल्यालाही मिळू दे, माझं काही म्हणणं नाही. पण बाटलीवर सेस लावता येतो आणि त्या पैशाचं काम ठरवून देता येतं हे तर या राज्यांनी दाखवून दिलं ना. मग त्याच बाटलीमुळे ज्याचं घर मोडलं त्याच्यासाठी महाराष्ट्रात का लावता येऊ नये?

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, की मग व्यसनमुक्ती दारूच्या विक्रीवर अवलंबून राहील, विक्री कमी झाली तर केंद्रं बंद. अहो विक्री खरंच कमी झाली तर पेशंटही हळूहळू कमी होतील, आणि तेव्हा सरकारने खुशाल वेगळी तरतूद करावी, तो प्रश्न आनंदाने सोडवू. दुसरा आक्षेप दारूबंदीवाल्यांचा, की पापाच्या पैशातून कसला उपचार, बंदीच करा. मला गडचिरोलीतल्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. १९९३ पासून तिथे बंदी आहे, आणि डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने, टाटा ट्रस्ट आणि सरकारला सोबत घेऊन २०१६ पासून मुक्तिपथ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालवलंय. ते मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी की तिथे नुसता कायदा करून थांबले नाहीत, गावोगावच्या बायकांच्या संघटना, तालुक्याला क्लिनिक, गावात शिबिरं, या सगळ्यावर पैसा आणि माणसं लावली. शेजारच्या चंद्रपूरला २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. बंदी असो नसो, पिणारा तर तिथेच राहतो. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, मुंबईत, जिथे बंदी नव्हती. सरकारने वारसांना लाख-लाख रुपये जाहीर केले. जिवंतपणी त्या वस्तीत त्यांच्यापर्यंत एखादा समुपदेशक पोचावा यावर किती खर्च झाला असेल?

नुसती दारू महाग केली की लोक कमी पितात हे पुष्कळ अंशी खरंय, जगभर तसं दिसलंय. स्कॉटलंडने २०१८ पासून दारूची किमान किंमत कायद्याने ठरवली. पण ज्याला सकाळी उठल्यावर हात थरथरू नयेत म्हणून लागते तो माणूस किंमत बघून थांबत नाही, तो हातभट्टीकडे जातो नाहीतर घरातलं रेशन विकतो. म्हणून दरवाढ आणि उपचार एकाच निर्णयात यायला पाहिजेत. जून २०२५ ला ती संधी होती.

काही जण म्हणतील की संस्था देणग्यांवर चालतातच की. चालतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं ते पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिलेल्या एक लाखाच्या देणगीवर, येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. तेव्हाही देणगी आणि सरकारी जागा अशी दोन्ही मदत लागली होती. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट) तर सरकारचाच काय बाहेरच्या कोणाचाही पैसा घेत नाही, त्यांची परंपराच आहे ती, मीटिंगला येणारे टोपीत दहा-वीस रुपये टाकतात आणि शाळेच्या खोलीचं भाडं भरतात. आमचे कितीतरी पेशंट त्यांच्यामुळे टिकलेत. पण झटके येणाऱ्या माणसाला मीटिंगला बसवता येत नाही, त्याला आधी बेड लागतो. आणि पुलंसारखा देणगीदार प्रत्येक तालुक्याला कुठून आणायचा?

खासगी केंद्रात गेलं तर महिन्याचे हजारो रुपये. मेडिक्लेम चालत नाही, कारण दारू आणि ड्रग्जच्या व्यसनावरचा उपचार विमा कंपन्यांच्या ठरलेल्या अपवादांमध्येच लिहिलेला असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसन हा मानसिक आजारात धरलाय, केंद्रांना नोंदणी सक्तीची केलीये, नियम चांगले आहेत. पण नियम पाळायला लागणारे डॉक्टर आणि नर्स कोणाच्या पैशातून ठेवायचे हे कायदा सांगत नाही, मग होतं असं की नोंदणी नसलेली, कोंडून ठेवणारी, मारहाण करणारी केंद्रं कमी पैशात चालतात आणि गरीब माणूस तिथेच जातो. एका आईने मला सांगितलं होतं की पोराला न्यायला रात्री गाडी आली, चौघांनी उचलून नेलं, तीन महिने भेटू दिलं नाही. त्यासाठी तिने एकरभर रान गहाण ठेवलं होतं.

एक टक्का म्हणजे किती ते सांगते. २० हजार कोटीचा एक टक्का २०० कोटी. महाराष्ट्रात तालुके ३५८. सगळ्यांना सारखे वाटले तर तालुक्याला वर्षाला जवळपास ५६ लाख येतात. मी पगारपत्रकं लिहिणारी बाई आहे म्हणून बसून मांडलं. दोन समुपदेशक महिना ३० हजाराने, ७ लाख २० हजार. तीन नर्स २५ हजाराने, ९ लाख. आठवड्यातून दोन दिवस मानसोपचारतज्ज्ञ, वर्षाचे १० लाख धरा. ग्रामीण रुग्णालयात १० बेड बाजूला काढले तर जागेचं भाडं नाही, औषधं आणि जेवण १२ लाखांत बसतं. स्वयंपाकी, सफाई, लाइट, कागदपत्रं ६ लाख. राहिले ११-१२ लाख. त्यात गावात फिरणारे तीन कार्यकर्ते येतात, मोटारसायकलच्या पेट्रोलसकट, ज्यांचं काम एवढंच की डिस्चार्ज झालेल्याच्या घरी आठवड्याला जायचं, आणि तो तोडीला गेला असेल तर डिसेंबर-जानेवारीत फडावर जाऊन त्याला आणि त्याच्या बायकोला भेटून यायचं.